प्रज्योतच्या नावाची भांडी

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. भन्तेजींना रिक्षात बसवून झालं, शेजारच्या बायका खिरीच्या वाट्या विसळून देऊन गेल्या. रतन खालच्या मंडळाच्या सतरंज्या परत करून वर आली, तर स्वयंपाकघरात विनिता फतकल मारून बसलेली. विनिता म्हणजे तिची भावजय. समोर अख्खा संसार काढून मांडलेला. पातेली, टोप, पराती, डबे, कळशी. एकेक भांडं उचलायची, फिरवून त्याच्यावरचं नाव वाचायची आणि उजव्या हाताला ठेवायची.

"हे काय चाललंय?" रतनने विचारलं.

"काही नाही ताई, जरा लावून ठेवते. तुमचं कुठलं, ह्यांचं कुठलं, नंतर गोंधळ नको."

उजव्या हाताला ढीग मांडीएवढा झाला होता. डाव्या हाताला लोखंडी तवा, चिमटा आणि पोळपाट. तव्यावर कुणी नाव घालत नाही, म्हणून तो बिचारा डावीकडे.

आई जाऊन आठवडा झाला नव्हता. रतनला वाटलं, हिच्या हातातलं पातेलं हिसकावून घ्यावं आणि तेच हिच्या डोक्यावर उपडं घालावं. पण बाहेरच्या खोलीत भाऊकाका बसले होते. वडिलांचे धाकटे भाऊ, गोवंडीहून मुद्दाम आलेले, घरातलं उरलेलं एकमेव वडीलधारं माणूस. त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणून तिने राग गिळला. गिळायची तिला सवय होती. तीस वर्षं तिने दुसरं केलंच काय होतं?

"ताई, बस ना जरा," बाहेरून प्रज्योतने हाक मारली. "बोलायचंय."

प्रज्योत सगळ्यात धाकटा. बँकेत नोकरी, ऐरोलीला स्वतःचा फ्लॅट. आई आजारी असताना दर रविवारी यायचा, नारळपाणी आणायचा, अर्धा तास मोबाइल बघत बसायचा आणि जायचा. आईला वर्षभर उचलून बसवणं, पुसणं, तिची लघवीची पिशवी बदलणं हे रतनचं. आणि 'माझा प्रज्योत आला गं' म्हणून आईचा चेहरा खुलायचा तो त्याच्यासाठी. असो.

त्याच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. शेजारी मधली बहीण दीप्ती, गोरेगावहून आलेली, रडून रडून नाक लाल झालेलं.

"सोमवारी रजिस्ट्रेशन ऑफिसला जायचंय," प्रज्योत म्हणाला. "तू आणि दीप्तीताईने हक्क सोडल्याची सही करायची. म्हणजे ही खोली माझ्या नावावर होईल. फॉर्मॅलिटी आहे नुसती."

"तुझ्या नावावर का?"

"का म्हणजे? मुलगा मी आहे ना."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू कुठे जातेस? राहा की. तुला कोण हाकलतंय?"

"सध्या तरी राहायला हरकत नाही त्यांना," विनिता आतून म्हणाली. "पार्टीला काही लगेच ताबा नकोय..."

आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. आई खाटेवर शेवटचे श्वास मोजत होती, रतन तिला चमच्याने पाणी पाजत होती, आणि ह्यांनी खोलीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

रतनच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिला क्षणभर समोरचं दिसेना. घाटकोपरला, पंतनगरच्या बाजूला, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतली ही पाचव्या मजल्यावरची खोली. खोली कसली, वन रूम किचन, आईच्या नावावर. ह्याच जागेवरच्या चाळीत रतन जन्मली. चाळ पाडली तेव्हा विक्रोळीच्या पत्र्याच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये आईला घेऊन राहिली ती रतन. सोसायटीचा मेंटेनन्स भरला, लाइटबिल भरलं, गळका नळ बदलला, सगळं रतनने. मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागली तेव्हा वेणी घालायची, आता सुपरवायझर झाली आणि केस पिकले. तिला दुसरं घर नव्हतं. नवरा नाही, मूल नाही. ही खोली गेली की ती पन्नाशीनंतर कुणाच्या तरी दारात पेइंग गेस्ट.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"ताई, चिडू नको," प्रज्योत म्हणाला. बँकेत कर्जवाल्यांशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, म्हणून तर ती जास्तच चिडली. "तू केलंस, मी नाही कुठे म्हणतो? पण घर उभं केलं ते काय तू एकटीने? जरा आत बघ. भांड्यांवर नाव कुणाचं आहे? आईने प्रत्येक वस्तू माझ्या नावाने केली. तिच्या मनात काय होतं ते उघड आहे. या घरातलं एक भांडं दाखव तुझ्या नावाचं."

भाऊकाकांनी मान खाली घातली. दीप्ती पदराशी चाळा करत बसली.

आणि रतनला दाखवता येईना. एकही नव्हतं.

आता ती भांडी कुणाच्या पैशाची, ते ऐका. अंबादास खिल्लारे, म्हणजे ह्यांचे वडील, गेले तेव्हा रतन बारावीला होती, दीप्ती शाळेत आणि प्रज्योतला नुकतंच पहिलीत घातलेलं. आई सखुबाई अंगणवाडीत मदतनीस. रतनने बारावी दिली आणि कामाला लागली. दिवाळीला कंपनी बोनस द्यायची. दिवाळी आपली नसली तरी बोनस आपला, असं आई म्हणायची आणि त्या बोनसातून दरवर्षी एक चांगलं जाडजूड भांडं घ्यायची. मायलेकी दोघी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात जायच्या. भांडं पसंत झालं की दुकानातल्या कोपऱ्यात नाव घालणारा बसलेला असायचा, त्याच्यापुढे ठेवायचं. नाव नसलेलं भांडं लग्नाकार्याला शेजारी गेलं की परत येत नाही, हे आईचं ठाम मत. नाव घालणारा मशीन हातात घेऊन विचारायचा, काय घालू? रतन तोंड उघडायच्या आत आई सांगायची, चिरंजीव प्रज्योत अंबादास खिल्लारे. मग ते मशीन कर्र करत चालायचं आणि रतनच्या घामाच्या पातेल्यावर दुसरीतल्या पोराचं नाव उमटायचं. तिसरीतल्या, चौथीतल्या. दरवर्षी एक.

एकदा तिने म्हटलंही होतं, "आई, या वेळी माझं घाल ना."

"तुझं कशाला इथे? तुझं सासरी घालतील," आई म्हणाली होती.

सासर काही आलं नाही. स्थळं आली, पण आधी दीप्तीचं होऊ दे, मग प्रज्योतचं शिक्षण होऊ दे. मग विचारणारेच थांबले. इथे नाव नाही कारण सासरी घालतील, आणि सासर नाही कारण इथला पगार थांबला असता. हे गणित रतनला तेव्हा कळलं नव्हतं. आज, विनिताच्या उजव्या हाताचा तो ढीग बघून, नीट कळलं.

"ताई, कर ना गं सही," दीप्ती हळूच म्हणाली. "मी करणार आहे. भावाशी वाकडं घेऊन कसं चालेल? आई गेली, आता माहेर म्हणून प्रज्योतच आहे मला."

"तुझं माहेर प्रज्योत?"

"मग? भाऊच असतो ना शेवटी."

"दीप्ती, तू गोरेगावहून येतेस तेव्हा तुझ्यासाठी बोंबील कोण तळतं? तुझ्या दोन्ही बाळंतपणांत रजा कुणी टाकली? रात्री तुझं पोरगं मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? हा ऐरोलीचा राजा बसला होता? तुझं माहेर मी आहे गं. मला घराबाहेर काढून कुठल्या माहेराला जाणार आहेस तू?"

"तसं नाही. पण त्याने माझ्या लग्नात एवढं केलं. सगळी भांडी त्याने दिली. हंडा, परात, डब्यांचा सेट. अजून सासूबाई पाहुण्यांना दाखवतात, दीप्तीच्या भावाने दिलंय म्हणून. ते कसं विसरू मी?"

रतन तिच्याकडे बघतच राहिली. तिला आधी वाटलं ही थट्टा करतेय. पण नाही, बाई मनापासून बोलत होती.

"तुझ्या लग्नात हा कितवीत होता?"

दीप्तीने प्रज्योतकडे पाहिलं. प्रज्योतने फाइलकडे.

"कितवीत होता? सांग ना."

"दहावीत," दीप्ती म्हणाली.

"दहावीतला पोरगा हंडा घेऊन आला होय? कुठून आणला? परीक्षेला बसल्याबद्दल बोर्डाने दिला?"

भाऊकाकांना ठसका लागला. दीप्तीचं तोंड उघडं ते उघडंच. तसं बघायला गेलं तर तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण हंड्यावर लिहिलेलं, 'चि. प्रज्योतकडून बहिणीस सप्रेम भेट'. इतकी वर्षं ते वाचून आणि सासरी सांगून सांगून तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पैसे कुणाचे, हा विचार तिच्या डोक्यात कधी आलाच नाही. आईने केलं असेल, घरातून झालं असेल. घरातून म्हणजे कुणाच्या अंगातून, हे कोण विचारतंय?

"तू... तू कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला डोळे आहेत."

"जुनं उकरून काय मिळणार आहे, ताई?" प्रज्योत म्हणाला. "आईची इच्छा..."

"थांब. तुझाच कायदा लावू. ज्याचं नाव त्याची वस्तू. बरोबर? काका, तुम्ही ऐकलंत ना? मग चालेल मला."

ती उठली ती तडक स्वयंपाकघरात. माळ्यावरून तांदळाच्या रिकाम्या गोण्या काढल्या आणि उजवीकडचा ढीग त्यात भरायला घेतला. भरायला कसला, आदळायला. पातेल्यावर परात, परातीवर टोप. अख्ख्या मजल्याला कळलं की खिल्लाऱ्यांकडे काहीतरी फुटलं. शेजारची दारं उघडली. रतनला कुणाची पर्वा नव्हती. डब्यांतलं पीठ, डाळ, मसाला तिने वर्तमानपत्रावर ओतलं आणि डबेही टाकले. पाण्याची कळशी सिंकमध्ये उपडी केली आणि तीही. त्या कळशीतून सकाळी आईच्या फोटोसमोर पाणी ठेवलं होतं.

"अहो ताई, एवढं सगळं आम्ही ठेवणार कुठे?" विनिता घाबरून म्हणाली. "आमचं मॉड्युलर किचन आहे."

"मग मॉड्युलर किचनला विचारून नावं वाचायला बसायचं होतं. उचल."

"ताई, माझं म्हणणं भांड्यांचं नव्हतं," प्रज्योत म्हणाला. आता त्याचा बँकेतला आवाज गेला होता.

"तुझं म्हणणं नावाचं होतं. ये इकडे." तिने त्याचं मनगट धरलं. लहानपणी शाळेत नेताना धरायची तसंच धरलं आणि दाराबाहेर ओढत नेलं. दारावर पितळेची पाटी होती. "वाच. मोठ्याने वाच."

तो लिफ्टकडे बघायला लागला, तेव्हा तिनेच वाचलं.

"सखुबाई अंबादास खिल्लारे. सोसायटीच्या कागदावर हेच नाव आहे. तुझं आहे? नाही. माझंही नाही. आईचं आहे. आणि आईला मुलं किती? तीन. तिघांचं सारखं. तुझा हिस्सा मी नाकारत नाही, कोर्टात जा नाहीतर कुठेही जा, पण माझा मी सोडणार नाही. आणि मी इथून हलणार नाही. आता तुझ्या नावाची भांडी घे आणि नीघ."

"असं असेल तर तुझं-माझं संपलं," प्रज्योत म्हणाला.

"माझ्याकडून द्यायचं होतं ते संपलं. तुझ्याकडून काय होतं संपायला?"

गोण्या लिफ्टपर्यंत नेताना नवराबायकोची पार वाट लागली. लिफ्टचं दार लागेपर्यंत भांडी खडखडत होती. भाऊकाका जाताना रतनच्या डोक्यावर हात ठेवायला आले, पण काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. तीस वर्षं सुचलं नव्हतं, आता कुठून सुचणार. दीप्ती सगळ्यांत शेवटी चपला घालत होती. रतनला वाटलं, ही थांबेल. दीप्तीने एकदा मागे पाहिलं आणि ती त्यांच्याबरोबरच खाली गेली.

ह्याचा राग रतनला सगळ्यात जास्त आला. प्रज्योत तर प्रज्योतच. पण दीप्ती.

दार लावून ती आत आली. स्वयंपाकघर घासून पुसून नेल्यासारखं. तवा, चिमटा, पोळपाट-लाटणं, आणि वर्तमानपत्रावर डाळ-पिठाचे ढिगारे. चहा करायला भांडं नव्हतं. तिने आईच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतली आई हसत होती.

"हसू नको," रतन म्हणाली. "तू केलंस हे. तो मूर्ख आहे, त्याला तू शिकवलंस. एक वाटी घालायची होतीस माझ्या नावाची. एक वाटी. मी तुझं हगणंमुतणं काढलं, आणि तू शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत होतीस."

मग ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली, आणि ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. डोळे पुसून तिने तव्यावर भाकरी टाकली आणि नुसती चटणी लावून खाल्ली.

सोमवारी तिने मुद्दाम रजा टाकली. प्रज्योत माणसं घेऊन आला तर आपण घरात असावं म्हणून. आतून कडी लावली आणि बसली. दुपारी बेल वाजली. तिने आधी भोकातून पाहिलं. बाहेर हंडा होता. हंड्यामागे दीप्ती.

"उघड ना, हात मोडले माझे," दीप्ती म्हणाली. "गोरेगावपासून मेट्रोने आणलाय हा. सिक्युरिटीवाली हंड्यात हात घालून बघत होती, बॉम्ब आहे का म्हणून."

रतनने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही. "सही केलीस का ते आधी सांग."

"नाही केली."

"का?"

"परवा घरी गेले आणि एकेक भांडं काढून बघितलं. सगळ्यावर त्याचं नाव. रात्रभर झोप नाही मला. ताई, माझ्या लग्नाच्या साली तुला ते मुलुंडचं स्थळ आलं होतं ना? ते माझ्या लग्नामुळे मोडलं ना?"

"तुझ्यामुळे नाही. आईमुळे," रतन म्हणाली. मग दारातून बाजूला होत म्हणाली, "आणि माझ्यामुळे. मीच गप्प बसले. चल, आत तर ये."

"आत नाही. तू चप्पल घाल. खाली जायचंय."

स्टेशनजवळचं दुकान तेच होतं. मालकाचा मुलगा आता मालक झाला होता, आणि कोपऱ्यात नाव घालणारा नवा होता, पण मशीन तसंच कर्र करणारं. दीप्तीने हंडा त्याच्यासमोर ठेवला.

"ह्याच्यावरचं नाव घालवून दुसरं घालायचंय," ती म्हणाली.

त्याने हंडा फिरवून पाहिला. "जुनं घासून जाईल, पण डाग राहील."

"डाग राहू दे," रतन म्हणाली. तो बघणाऱ्याला दिसायलाच हवा होता.

त्याने बराच वेळ पॉलिशचं चाक फिरवलं. चिरंजीव प्रज्योत गेला, पांढरट पट्टा राहिला. मग त्याने मशीन हातात घेतलं आणि रतनला आयुष्यभर ऐकलेला तोच प्रश्न विचारला.

"काय घालू?"

तिने सवयीने तोंड मिटलेलंच ठेवलं. दीप्तीने तिला कोपराने ढोसलं. "बोल ना."

"रतन," ती म्हणाली.

"सौभाग्यवती घालू, की श्रीमती? की कुमारी?"

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्या रतनच्या गळ्याकडे बघायला लागल्या. आजवर हा प्रश्न कुणी विचारला की ती नजर चुकवायची.

"काही नाही," ती म्हणाली. "पुढे काही नको, मागे काही नको. बापाचं नको, आडनाव नको. नुसतं रतन. आणि जरा मोठं घाल, लांबून वाचता येईल असं."

मशीन सुरू झालं. तेवढ्यात दीप्तीच्या पर्समधला फोन वाजायला लागला. तिने काढून बघितला आणि रतनपुढे धरला. प्रज्योत. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर तो सकाळपासून उभा होता.

"घे," रतन म्हणाली.

दीप्तीने फोन कानाला लावला. पलीकडून तो काय बोलत होता ते मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. तिने त्याला सगळं बोलू दिलं.

"नाही रे, येत नाही मी तिकडे," ती शेवटी म्हणाली. "मी माहेरी आलेय."

आणि फोन पर्समध्ये टाकून ती दुकानदाराला म्हणाली, चहाचं एक पातेलं दाखवा, दोघींपुरतं.